डॉगफाइटमध्ये (विमानांच्या जवळून होणाऱ्या लढाईत) मागे बघताना मान खरी वाटत नाही

यावलकर_मिग२१: दिवसभर केळीबागेत ठिबकच्या नळ्या, रात्री डीसीएस, म्हणजे लढाऊ विमान उडवण्याचा संगणकावरचा खेळ. वेबकॅमवर ओपनट्रॅक लावलंय, माझं डोकं हलेल तशी खेळातली नजर हलते. मी मान जेमतेम २५ अंश वळवतो, पडद्यावरचा पायलट थेट शेपटीकडे बघतो, खांदे मात्र जागेवर. मनाला पटतच नाही. काय करू?

भुसावळ_लोकोशेड: भाऊ, ओपनट्रॅकच्या मॅपिंगमध्ये (आपलं डोकं किती हललं की खेळातलं किती हलेल, तो आलेख) यॉची, म्हणजे डावी-उजवीकडे वळण्याची रेघ बघा. मधोमध सपाट ठेवा म्हणजे नेम धरताना नजर थरथरत नाही. पुढे हळूहळू चढवा, १५० अंशांवर थांबवा. पण खरी गोम अंगात आहे. पट्ट्यांनी आवळलेला माणूस नुसती मान फिरवत नाही. छाती गमछ्याने खुर्चीला बांधा आणि मागच्या दाराकडे बघा, कळेल.

धुळे_सुखोई: जी, म्हणजे विमान जोरात वळताना अंगावर येणारा गुरुत्वाच्या पटीतला भार, विसरू नका. डोकं अन् हेल्मेट मिळून साधारण ६-७ किलो. ९ जीला तेच ६० किलोच्या आसपास, सिमेंटच्या गोणीपेक्षा जड! म्हणून पायलट आधी डोकं वळवून टेकवतो, मग स्टिक (विमान वळवायचा दांडा) ओढतो. एफ-१६ ची सीट ३० अंश मागे कललेली असते, त्यात मागे बघायला मानेला आणखी पीळ. मी ही सवयच लावून घेतली: आधी मान, मग स्टिक.

यावलकर_मिग२१: रात्री वीज आल्यावर गमछा बांधला. डावीकडून मागे बघताना उजवा खांदा आपोआप पुढे आला, डोकं डाव्या बाजूला सरकलं, मान शेवटी फिरली! आता एक्सची (डोकं बाजूला सरकण्याची) रेघ वाढवून मीही तसंच सरकतो. खूपच फरक पडला. झेड (डोकं पुढे-मागे सरकणं) किती ठेवता तेवढं सांगा.