स्ट्रेंग्थ टेस्टमध्ये उत्साह तळाला आलाय, आता काय करू?

रिकामटेकडी
नमस्कार मंडळी. ऑफिसात वेलनेस वीक होता म्हणून एचआरने सगळ्यांना ती व्हीआयएची टेस्ट द्यायला लावली, त्यात स्वभावातले २४ चांगले गुण असतात आणि तुमच्यापुरता त्यांचा क्रम लावून मिळतो. माझ्यात वर आले शिकायची आवड, सौंदर्याची जाण, सारासार विचार, आणि तळाला उत्साह न आशा. मग रात्री वाचत बसले (शिकायची आवड नडली, दुसरं काय) तर कळलं की समाधानाशी सगळ्यात घट्ट संबंध उत्साह, आशा, कृतज्ञता, कुतूहल न प्रेमाचा निघतो, आणि माझे वरचे तिन्ही त्याबाबतीत अगदीच लिंबूटिंबू. म्हणजे जन्मभर तोंड पाडूनच बसायचं का? आणि आयुष्याला अर्थ म्हणतात तो या गुणांतून येतो की आणखी कुठून? टिंगल नको, खरंच विचारतेय.

बिनपगारी
पगारवाढ द्यायची नसली की असल्या टेस्ट निघतात बघ.

खडूमास्तर
तू वाचलंस ते पार्क, पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांचं २००४ चं काम. पण तो नुसता सहसंबंध आहे गं, उत्साहामुळे समाधान की समाधानी माणसाला उत्साह, हे त्यातून ठरत नाही. शिवाय तो क्रम तुझा तुझ्याशीच लावलेला असतो, शेवटी आला म्हणजे तो गुण अंगात नाहीच असं नव्हे. मला त्यापेक्षा सेलिगमन वगैरेंचा २००५ चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. एका गटाला सांगितलं, आपले वरचे पाच गुण ओळखा आणि जास्त वापरा, दुसऱ्याला सांगितलं, त्यातला एक आठवडाभर रोज नव्या पद्धतीने वापरा. पहिल्या गटाचा आनंद लवकर ओसरला, दुसऱ्याचा सहा महिन्यांनीही टिकून होता. अर्थात लोक आपणहून वेबसाइटवर आलेले, म्हणजे मुळातच हौशी, तेवढं मीठ टाकून वाच. तुझी शिकायची आवड सध्या कुठे वापरतेस?

सांजवात
मास्तर, आनंद आणि अर्थ एका दावणीला बांधू नका हो. माझ्या आईला डिमेन्शिया आहे. रोज संध्याकाळी ती पदर खोचून दाराशी येते, माझं दप्तर कुठंय, शाळेला उशीर झाला म्हणते, मी म्हणते आज गुरुजींच्या घरी सत्यनारायण आहे, सुट्टी दिलीये, मग दोघी हसतो आणि दहा मिनिटांनी परत तेच. आनंदी आहेस का विचारलंत तर हात जोडेन, पण हे सगळं फुकट चाललंय का विचारलंत तर अजिबात नाही. बाउमाइस्टर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलंय, चिंता आणि ताण जास्त असलेल्यांना आयुष्य जास्त अर्थपूर्ण वाटत होतं, पण आनंद कमी. माझ्या यादीत विनोदबुद्धी वर येईल बहुतेक, तिच्याशिवाय या घरात निभावच लागला नसता.

रिकामटेकडी
सांजवात, सत्यनारायणाची आयडिया भारी _/\_
मास्तर, आवड वापरते म्हणजे कोर्स लावते आणि सोडते. मागे मोडी शिकले, सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये पडलंय.

खडूमास्तर
अगं मग बसलीयेस काय! गावोगावी लोकांच्या ट्रंकेत मोडीतले जमिनीचे कागद पडून आहेत, वाचणारा मिळत नाही. आणि अर्थ शोधत बसू नकोस फार. स्टेगर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीत अर्थ गवसलेला असणं आणि अर्थ शोधत असणं वेगवेगळं मोजतात, समाधानाची गाठ पहिल्याशी जास्त पडते.

बिनपगारी
आमच्याकडे पण आहे एक बाड, आजोबांचं. वाचून दिलंस तर मिसळ माझ्याकडून.

रिकामटेकडी
पाठव फोटो, पण उजेडात काढ आणि कागद घडीवर दाबू नकोस, तिथेच फाटतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे पहिलं पान रखडणार हे आत्ताच सांगून ठेवते. कुणाला जुन्या महसुली शब्दांचा बरा कोश माहीत असेल तर सुचवा, आमच्या कोर्समध्ये ते फार वरवर झालं होतं.