मदत हवी आहे: श्रावणात हरिश्चंद्रगड, सोबत ६३ वर्षांची आई

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी,

श्रावणात हरिश्चंद्रगडावर जायचं घाटतंय. मी, नवरा आणि माझी आई. आई ६३ वर्षांची आहे, रोज सकाळी तासभर चालते, येऊरचा चढ आमच्याआधी चढते. फक्त उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. आम्ही दोघं हौशी, म्हणजे वर्षातून एखादा सोपा किल्ला करून फोटो टाकणारे.

अडचण अशी की तिघांना तीन गोष्टी हव्यात. नवऱ्याने कुठेतरी इंद्रवज्राबद्दल (गोल इंद्रधनुष्य) वाचलंय, त्यामुळे तो कोकणकडा, म्हणजे गडाचा पश्चिमेकडचा मोठा कडा, धरून बसलाय. मला पाऊस आणि हिरवळ मिळाली की पुरे. आईला कड्याचं काही पडलेलं नाही. तिला हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, चांगदेवांच्या नावाचे शिलालेख आणि पुष्करणी निवांत बघायची आहे, आणि केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालायची आहे. ती सुद्धा श्रावणी सोमवारी!

नवऱ्याच्या ऑफिसातले लोक खिरेश्वरवरून जा म्हणतात, पायथ्याचं नागेश्वराचं देऊळही होतं म्हणे. पाचनईचं नावही ऐकलंय. आईला कुठली वाट झेपेल? एवढ्या पावसात वर देऊळ तरी दिसतं का, की नुसतं धुकं बघून परत यायचं? आणि केदारेश्वराचं पाणी श्रावणात कितपत असतं?

"दिवाळीनंतर जा" हे उत्तर कृपया नको. आई भाद्रपदात भावाकडे कॅनडाला जाते आहे, ती थेट फाल्गुनात परत येईल.

मुसाफिर_नाशिक

पाचनई. यात दुसरा विचारच करू नका.

खिरेश्वरची वाट वाईट नाही, उलट सुंदर आहे, पण ती पावसाळ्यात आईंना घेऊन करायची नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीपर्यंत जंगलातून चढ, खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि तो संपला की माणसाला वाटतं आलं देऊळ. तिथूनच खरा घोळ सुरू होतो. टेकडीमागून टेकडी, सगळ्या सारख्या दिसतात, आणि धुकं उतरलं की पुढचा माणूस दहा पावलांवरही दिसत नाही. वाटा चुकून रात्रभर पावसात अडकलेले आणि गारठून जीव गमावलेले लोक याच पट्ट्यातले. पाय घसरून काही होईल याचीच आपण काळजी करत बसतो, पण ओल्या कपड्यांत वाऱ्याला तासन्‌तास उभं राहणं जास्त घातक आहे. त्यात खिरेश्वरहून चार-पाच तास नुसते चढायलाच लागतात.

पाचनईहून रमतगमत दोन-अडीच तास. आई सोबत आहेत म्हणून तीन धरा. वाट ठळक आहे. मध्ये एका उंच कातळभिंतीच्या पोटातून आडवं जायचं, तिथे वरून धबधबे अंगावर येतात, मग ओढ्याच्या कडेकडेने पठारावर.

खडूस_बाबा

एवढ्या पावसात आईंना कशाला त्रास? घरी व्हिडिओ दाखवा. आजकाल ड्रोनने सगळं दिसतं.

ठाणेकरीण

बाबा, हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना विचार, त्यांनी काशीसुद्धा व्हिडिओवरच केली का?"

लेणीप्रेमी

काकूंना नमस्कार सांगा!

देऊळ बघायचं असेल तर पावसाळा मला तरी उलट सोयीचा वाटतो. धुकं पठारावर कितीही असलं तरी देवळाचं आवार म्हणजे खळगा आहे, चारी बाजूंनी भिंत आणि कातळात खोदलेल्या गुहा. तिथे पोचलात की सगळं हातभर अंतरावर असतं. शिखराचा कळस कदाचित दिसणार नाही, पण खालच्या भागावरचं नक्षीकाम दिसेल. एक मोठी टॉर्च न्या. लेखावर समोरून उजेड मारला तर काहीच वाचता येत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि ओळी उठून दिसतात. झिजलेल्या लेखांना तर हाच उपाय. कृपया खडू, हळद, पीठ असलं काही चोळू नका, आणि कुणी चोळत असेल तर काकूंनाच पुढे करा.

पुष्करणी देवळासमोरच आहे. तिच्या एका काठाला ओळीने देवळ्या आहेत, त्यातल्या मूर्ती आता गुहेत हलवल्यात, त्यामुळे रिकाम्या देवळ्या बघून निराश होऊ नका. शेजारच्या लेण्यांपैकी गणेशगुहा चुकवू नका. आवारातला दगड शेवाळलेला असतो आणि अनवाणी चालावं लागतं, तिथे काकूंचा हात धरा. लोक चढावर जपतात आणि नेमके इथे आपटतात.

आता केदारेश्वर. इथे मात्र काकूंना नाही म्हणावं लागेल. गुहेतलं पाणी एरवीच कमरेइतकं असतं आणि उन्हाळ्यातही पाय बधिर होतील इतकं गार. पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, चार खांब म्हणजे चार युगं ही गोष्ट काकूंना माहीत असेलच. पण पावसाळ्यात अडचण गुहेच्या आतली नसून बाहेरची आहे. देवळाकडून गुहेकडे जाताना ओहळ आडवा येतो, तो भरून वाहत असला की तिथवर पोचताच येत नाही. पाऊस ओसरला असेल तर लांबून दर्शन होईल, पण पाण्यात उतरायचं नाही. प्रदक्षिणा फाल्गुनात, परत आल्यावर.

मुसाफिर_नाशिक

नवरोबांसाठी: इंद्रवज्र, म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे पाहिलं, तेव्हापासून सगळे त्याच्या मागे आहेत. पण ते दिसायला ऊन पाठीशी आणि ढग समोर, तुमच्या नजरेच्या खाली असायला हवेत. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे ऊन पाठीशी फक्त सकाळी असतं. श्रावणात सकाळी ऊनही पडलंय आणि दरीत ढगही साचलेत, असा योग आला तर आला. नाहीतर कड्यावर पांढरा पडदा बघायला मिळेल आणि खालून वर उडणारं पाणी तोंडावर येईल, तेही मजेशीरच असतं.

धुकं दाट असेल तर कड्याच्या धारेकडे जाऊच नका. गवत ओलं असतं आणि काठ नेमका कुठे संपतो ते कळत नाही. हवा स्वच्छ असेल तर पालथं पडून, सरपटत काठाशी जायचं. कुणीतरी पाय धरायचे.

अकोलेकर_दादा

ताई, मी तालुक्यातलाच. चार गोष्टी सांगतो.

सोमवार सोडा. श्रावणी सोमवारी आणि शनिवार-रविवारी पाचनईच्या वाटेवर रांग लागते, आईंना मागून ढकलाढकली सोसणार नाही. मंगळवार ते शुक्रवार कधीही या. आदल्या संध्याकाळी मुक्कामालाच या, ठाण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी करायचा अट्टहास नको. घोटीवरून बारी, राजूर आणि पुढे पाचनई. राजूरच्या पुढे रस्ता अरुंद, त्यामुळे उजेडात पोचा. राजूरला पेढे घ्या, ते सांगायला नकोच.

गावात बऱ्याच घरी राहायची-जेवायची सोय होते. भाकरी, पिठलं, ठेचा, गरम भात. वाटाड्या घ्याच. वाट सोपी आहे ती कोरड्या दिवसांत. आषाढात सगळे आवणीला, म्हणजे भातलावणीला, जुंपलेले असतात, श्रावणात माणूस मिळतो. पैशाचं आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका, भातशेतीवर वर्ष निघत नाही इथे.

ओढ्याचं ध्यानात ठेवा. वर जोरात सर आली की पाणी बघता बघता चढतं आणि गढूळ होतं. गढूळ दिसलं की अलीकडेच थांबायचं. ते उतरतंही लवकर. दोर लावून पलीकडे जायची शूरगिरी करणारे दरवर्षी भेटतात. वाटाड्या थांबा म्हणाला की थांबायचं, तो तुमच्या सुट्टीसाठी धोका घेणार नाही.

शेवटचं म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी राजूर पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाकडे चौकशी करा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अतिवृष्टीत प्रशासन पर्यटकांना बंदी घालतं. गडावर मोबाईलच्या रेंजवर भिस्त नको.

ठाणेकरीण

सगळ्यांचे खूप आभार. पाचनई, बुधवार, मंगळवारी संध्याकाळी मुक्कामाला. आईने सोमवारचा हट्ट सोडला, प्रदक्षिणेचा मात्र "फाल्गुनात बघू" असं म्हणून उधारीवर ठेवलाय. नवऱ्याला कड्याची अर्ध्या तासाची परवानगी, तीही धुकं नसेल तर.

आता उरला गुडघा. नी-कॅप आहे तिच्याकडे. काठी ट्रेकिंगवाली विकत घेऊ का? आणि बुटांचं काय, तिचे रोजचे चालायचे बूट चालतील?

लेणीप्रेमी

रोजचे बूट तळाला गुळगुळीत झाले असतील तर अजिबात नको. रबरी तळ, खोल खाचा, आणि आताच घेऊन ठाण्यातल्या पावसात दोन आठवडे वापरायचे. नवे कोरे बूट गडावर घातले तर नखं काळी होतात. सुक्या कपड्यांचा एक जोड आणि मोजे प्लास्टिकमध्ये बांधून पिशवीच्या तळाशी, वर पोचल्यावर गुहेत बदलायला. जीन्स कुणीच घालू नका. छत्रीपेक्षा पोंचो बरा, वारा छत्री उलटवतो.

अकोलेकर_दादा

काठी विकत नको. आमच्याकडे बांबूची मिळेल, आईंच्या उंचीची तोडून देतील. उतरताना काठी आधी खाली टेकवायची, मग दुखरा पाय, मग चांगला. आणि दुपारी एकला, कुठेही असाल तिथून, परतीला लागा. कोकणकडा राहिला तरी.