मूळ कादंबरी आणि तिचा नवा अवतार: आधी काय वाचायचं?

रावपुरा_वाचक
मंडळी, बडोद्यात आम्ही सहा जण जोडवाचन सुरू करतोय. एक जुनी नावाजलेली कादंबरी, आणि तीच गोष्ट धरून अलीकडच्या लेखकानं लिहिलेली नवी. पहिली जोडी ठरली आहे: शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' (१८४७) आणि जीन ऱ्हीसची 'वाइड सार्गासो सी' (१९६६). हाताशी सहा आठवडे आहेत. आधी मूळ वाचायची की नवी? मूळ पाचशेच्या आसपास पानांची, म्हणून दोघांना संक्षिप्त आवृत्ती हवी आहे. ती चालेल का? शिवाय नव्या पुस्तकाच्या दोनच प्रती आहेत. पुढची जोडीही सुचवा, शक्य तर मराठी.

जुनी_प्रत
या जोडीत मूळच आधी. जेन जिथे नोकरीला जाते त्या थॉर्नफील्ड वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोण हसतं, हे कोडं ब्राँटीनं अकराव्या प्रकरणापासून सव्विसाव्यापर्यंत लांबवलं आहे. नवी कादंबरी त्या हसणाऱ्या बाईचीच. ती आधी वाचलीत तर मुळातली पंधरा प्रकरणं वाया गेली म्हणून समजा.

संक्षिप्त अजिबात नको. ती बाई, म्हणजे बर्था, मुळात मोजक्याच वेळा येते आणि संपादकाची कात्री नेमकी तिथेच चालते. प्रत हातात आली की ही ठिकाणं तपासा: प्रकरण १५ (पलंगाला आग), २० (बर्थाचा भाऊ रिचर्ड मेसन याच्यावर हल्ला), २५ (लग्नाचा बुरखा फाडणं), २६ (जेनचं मोडलेलं लग्न), २७ (वाड्याचा मालक आणि नवरदेव रॉचेस्टर याची कबुली), ३६ (खाणावळवाला आगीची हकीकत सांगतो ते). सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे २६व्या प्रकरणात वकील जो कागद वाचतो, त्यात रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोचं पूर्ण नाव 'बर्था अँटोइनेटा मेसन' असं आहे का ते बघणं. नुसतं 'बर्था मेसन' असेल तर प्रत परत करा, कारण ऱ्हीसची नायिका अँटोइनेट त्या मधल्या नावातूनच निघाली आहे.

प्रकरणांच्या आकड्यांवरून गोंधळ हमखास होतो. पुस्तक मुळात तीन खंडांत निघालं, १५, ११ आणि १२ प्रकरणांचे. काही आवृत्त्यांत दर खंडाला आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, तर काहींत सलग ३८. म्हणजे एकाचं 'खंड २, प्रकरण ११' ते दुसऱ्याचं २६. सलग आकडा धरायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

खिडकीपाशी
वरच्याला जोडून, प्रतींचं गणित. मूळ चार आठवड्यांत बसते: १ ते १०, ११ ते २०, २१ ते २७, २८ ते ३८. तिसरा आठवडा मुद्दाम हलका ठेवला आहे, बोलणं तिथंच सगळ्यात जास्त होणार. सत्ताविसावं संपलं की नव्या पुस्तकाच्या प्रती फिरवायला काढा. चौथा, पाचवा, सहावा आठवडा मिळून २१ दिवस. एका प्रतीला तीन वाचक, प्रत्येकी सात दिवस. दीडशेच्या आसपास पानांना पुष्कळ झाले. सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आपल्याला रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत दोन प्रती फिरवायच्या आहेत.

यात एक खाच आहे. नव्या पुस्तकाचा तिसरा भाग थॉर्नफील्डमध्ये घडतो आणि आगीपाशी येऊन थांबतो. चौथ्या आठवड्यात प्रत मिळालेल्यानं तो वाचला तर त्याचं ३६वं प्रकरण फुकट जाईल. भाग अगदी छोटा आहे, तेव्हा कुणीच घरी न वाचता शेवटच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. सुरुवातीची तिरपी छपाई बर्थावर पहारा ठेवणाऱ्या ग्रेस पूलच्या तोंडची आहे, ते परिच्छेद दुसऱ्या कुणाला द्या म्हणजे आवाज बदललेला कळेल.

आवाज बदलण्यावरच बहुतेक जण अडखळतात. पहिला भाग अँटोइनेट सांगते. दुसरा तिचा नवरा सांगतो, पण मध्येच, ती आपल्या जुन्या दाईकडे, क्रिस्टोफीनकडे, जाते तेव्हा, सूत्रं तिच्या हातात जातात आणि परत त्याच्याकडे येतात. सांगणारा बदलला असं कुठेही लिहिलेलं नाही. नवऱ्याचं नावसुद्धा पुस्तकभर येत नाही. 'रॉचेस्टर कुठे आहे?' असं कुणी विचारलं तर हसू नका.

सन_तपासनीस
सनावळीवर भांडत बसू नका, ती जुळतच नाही. ३२व्या प्रकरणात जेनला नुकतं निघालेलं पुस्तक म्हणून स्कॉटचं काव्य 'मार्मियन' मिळतं, म्हणजे १८०८. वकिलाच्या कागदात रॉचेस्टरचं पहिलं लग्न पंधरा वर्षांपूर्वीचं, तेव्हा ते अठराव्या शतकात गेलं. ऱ्हीसची कादंबरी सुरू होते ती गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३च्या कायद्यानंतर. ही चूक नव्हे. मळे बसलेले, मजूर सुटलेले आणि मालकांच्या घरांना अवकळा आलेली, असा काळ तिला हवा होता, म्हणून तिनं गोष्ट पुढे ओढली. नातीही बदलली आहेत. मुळात बर्था ही मेसनची सख्खी मुलगी. इथे बाप कॉसवे, मेसन सावत्र. मेसनचा मुलगा रिचर्डही त्यामुळे सावत्र भाऊ झाला. बैठकीत अशा बदलांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: यानं कुणाची बाजू बळकट झाली?

दांडियाबाजार
'मूळच आधी' हा नियम सगळीकडे लागू नाही बरं का. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) आणि जो बेकरची 'लाँगबोर्न' (२०१३) घ्या. नवी कादंबरी त्याच घरातल्या नोकरांची. मुळात लपवलेलं गुपित काही नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. नव्याच्या प्रकरणांच्या डोक्यावर मुळातली ओळ आहेच, ती धरून मागे जायचं. ऑस्टिनची नायिका एलिझाबेथ सातव्या प्रकरणात तीन मैल चालत जाते, आठव्यात तिच्या परकराला सहा इंच चिखल असल्याची कुजबुज होते. तो परकर धुतो कोण? सतराव्यात पावसामुळे नाचाच्या बुटांवरची फुलंसुद्धा दुसऱ्याकडून आणवली जातात. भर पावसात गेलं कोण? ऑस्टिननं अर्ध्या वाक्यात उरकलेलं बेकर पानंच्या पानं लिहिते. या जोडीत मुळातली फक्त नोकरांची, जेवणाची, घोडागाडीची वाक्यं पेन्सिलनं खुणवून आणा. निम्मी बैठक त्यांवरच निघेल.

जुनी_प्रत
@दांडियाबाजार, मान्य. गुपित असेल तर मूळ आधी, नसेल तर शेजारी शेजारी.

आदिपर्व
मराठी जोडी: आदिपर्वातलं ययातीचं आख्यान आणि खांडेकरांची 'ययाति' (१९५९). जमलं तर गिरीश कार्नाडांचं त्याच कथेवरचं कन्नड नाटक तिसरं घ्या, त्याचे मराठी-हिंदी अनुवाद आहेत. आख्यान एका बैठकीचं आहे, पण कथासार नको, पूर्ण भाषांतरच घ्या. सारात ययाती म्हातारपण देतो आणि पुरू घेतो एवढंच उरतं. बाकीचे मुलगे एकेक करून नकार देतात आणि शाप घेतात, ते गळतं. देवयानीचे दोन, शर्मिष्ठेचे तीन मुलगे कागदावर मांडा आणि कादंबरीत त्यांतले कोण उरले ते बघा. खांडेकर ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीनं बोलू देतात. कचाला मुळापेक्षा कितीतरी जास्त जागा देतात, माझ्या मते जरा जास्तच. कार्नाड पुरूला बायको देतात, चित्रलेखा, जी मूळ आख्यानात नाहीच. नवरा एका रात्रीत म्हातारा होऊन समोर आला तर तिनं काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रावपुरा_वाचक
वा! ठरलं मग, ययाती दुसरी जोडी. एक शंका: खांडेकरांची प्रत स्कॅन करून गटावर टाकली तर चालेल ना?

सन_तपासनीस
नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. ऱ्हीस १९७९, तिचं २०३९पर्यंत. ब्राँटी आणि ऑस्टिनचं मूळ इंग्रजी मोकळं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून उतरवून घ्या. पण त्यांच्या अलीकडच्या मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो, ते स्कॅन करू नका. 'ययाति'साठी आधी सेंट्रल लायब्ररीत विचारा, नसेल तर दोन प्रती विकत घ्या आणि वरच्यासारख्याच फिरवा.