अनुभव धागा: समुद्रातल्या किल्ल्यावरचे गोडे पाणी

गोव्यातून सिंधुदुर्ग पाहायला गेलेले आपल्यात पुष्कळजण आहेत. त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. बेटावरच्या दुसऱ्या एखाद्या किल्ल्याचा अनुभव असला तरी चालेल. सुरुवात मी करते.

शिक्षिका, पेडणे

गेल्या डिसेंबरमध्ये सासूबाई आणि धाकटा मुलगा यांच्यासह मी गेले. मालवणच्या धक्क्यावरून निघाल्यापासून मुलगा सारखा उभा राहत होता. होडीवाले काका ‘आवशीक (आईला) धरून बस रे’ म्हणाले, तेव्हा कुठे तो बसला. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधून वळण घेत वाट आत शिरते आणि मगच दिल्ली दरवाजा समोर येतो, त्यामुळे समुद्रातून येणाऱ्या शत्रूला तोफेचा नेम धरायला दरवाजा सापडतच नसे. हे मला वाचून ठाऊक होते, तरी त्या वळणावर माझी पावले थांबली. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहताना सासूबाईंनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

पण मला सांगायचे आहे ते दूधबावीविषयी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी या किल्ल्यात आहेत. किल्ल्यातच राहणाऱ्या एका वहिनींनी कळशी ओढून सासूबाईंच्या ओंजळीत पाणी ओतले. सासूबाईंनी ते आधी जिभेला लावून पाहिले, मग ओंजळ रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली. तटाबाहेर लाटा आपटत होत्या, आमच्या ओठांवर होडीतल्या तुषारांचा खारटपणा अजून होता, आणि ते पाणी मात्र आमच्या परसातल्या विहिरीसारखे लागले.

निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

ताईंनी लिहिलेल्या पाण्याचे कारण सांगतो. लहान बेटांवर पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहते. उपसा बेताचा असेल तोवर हा थर टिकतो. हावरेपणाने उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला आणि 1667 पर्यंत हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली ते पूर्ण झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, याची चर्चा नेहमी होते. परंतु तट कितीही भक्कम असला तरी पाण्यावाचून वेढ्यात किल्ला किती दिवस लढणार? माझ्या मते या किल्ल्याचे खरे बळ त्या तीन विहिरींत आहे. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की आधी विहिरी दाखवतो, बुरूज नंतर.

गृहिणी, म्हापसा

आम्ही जूनच्या मध्यावर गेलो. होड्या चालू असतात, असे सहल ठरवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे त्या बंद असतात, हे धक्क्यावर पोचल्यावर कळले. मुले रडवेली झाली. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, त्यावरचा कोरीव गणपती पाहून आम्ही परतलो. जानेवारीत पुन्हा गेलो आणि या वेळी किल्ला पाहिला, परंतु एका विहिरीच्या कठड्यावर पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या पाहून फार वाईट वाटले. 2025 मध्ये हा किल्ला मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे. निदान आपण गोवेकरांनी तरी आपला कचरा परत आणावा, असे मी मनापासून सांगते.

वाचक, काणकोण

सिंधुदुर्ग मी पाहिलेला नाही. माझा अनुभव अंजदीवचा आहे. हे बेट कारवारसमोर असले तरी गोव्यात, आमच्या काणकोण तालुक्यात मोडते. गोड्या पाण्यामुळेच जहाजे येथे थांबत. 1498 मध्ये वास्को द गामानेही येथे पाणी भरून घेतले होते. पोर्तुगिजांनी 1505 मध्ये येथे किल्ला बांधला, लवकरच सोडला आणि 1682 मध्ये पुन्हा बांधला. मधल्या काळात, 1662 पासून, मुंबईचा ताबा घ्यायला आलेले इंग्रज सैनिक येथे अडकले आणि त्यांतले बहुतेक रोगराईने मेले. म्हणजे पाणी असूनही बेटाने प्रत्येकाला सांभाळले असे नाही. गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 रोजी, हे बेट घेताना भारतीय नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. आता तेथे नौदलाचा तळ असल्यामुळे सर्वसामान्यांना जाता येत नाही.

मी लहानपणी एकदाच गेलो, तेही शेजारच्या आजींबरोबर, ब्रोतास सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (सणाला). किल्ल्याच्या पडक्या भिंतीतून वडाची मुळे उतरली होती, एवढेच मला स्पष्ट आठवते. आजी मात्र प्रार्थना आटोपल्यावर झऱ्यापाशी गेल्या आणि सोबत आणलेली काचेची बाटली भरून घेतली. घरी आल्यावर त्यांनी त्यातले अर्धे पाणी माझ्या आईला दिले, आणि आईने ते तुळशीला घातले.