उकडलेली अंडी पिशवीत भरून विकायची आहेत, नागपुरात कोणी केलंय का?

मानेवाड्याची मेस:
नमस्कार मंडळी. आमच्या मेसच्या बाजूला दोन जिम आहेत. पोरं सकाळी उकडलेली अंडी मागतात, म्हणून सोलून ४-४ च्या पिशव्या करायचं डोक्यात आहे. मशीनवाला म्हणतो, व्हॅक्यूम करा, आठ दिवस बाहेर टिकतात. खरं का? आणि सोलताना निम्मी अंडी फाटतात, त्याचं काय करू?

इतवारीवाला भाऊ:
भाऊ, त्याला मशीन विकायचं आहे. व्हॅक्यूमनं हवा जाते, जंतू जात नाहीत. बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू तर बिनहवेतच वाढतात. अंड्यात आंबटपणा नाही, मग त्यांना अडवणार कोण? उकडल्यावर २ तासांच्या आत फ्रीजमध्ये, ५ अंशांच्या खाली, गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत. माझंच सांगतो. मे महिन्यात बर्डीहून हिंगण्याला स्कूटीच्या डिकीत ४० पाकिटं नेली, बर्फ घ्यायचा कंटाळा केला. पोचलो तर अर्ध्या पिशव्या पापडासारख्या फुगलेल्या, तळाशी पिवळट पाणी. सगळं फेकलं.

सोलायचं म्हणाल, तर ताजी अंडी घेऊच नका, आठ-दहा दिवसांची घ्या. जुन्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून गेलेला असतो, मग पांढरं पापुद्र्याला चिकटत नाही. उकळत्या पाण्यात सोडा, १२ मिनिटं, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त शिजवलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं. खाल्लं तर काही होत नाही, पण गिऱ्हाईक नाक मुरडतं.

सदरची ताई:
मी म्हणते सोलताच काहून? कवचासकट द्या ना. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात, हात कमी लागतो, आणि पोरांना सोलायला काय होते! सोललेलीच हवी असतील तर रात्री उकडा, सकाळी द्या, उरली तर मेसमध्ये अंडाकरी. साठवू नका.

पिशवी फूड ग्रेड घ्या, किराण्याची पातळ नको. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी करा. लेबलवर त्यांचा १४ आकडी नंबर, वजन, किंमत, बनवल्याची आणि कधीपर्यंत खायची ती तारीख. अंडं नियमानं मांसाहारीत मोडतं, म्हणून चौकोनातला तपकिरी त्रिकोण हवा, हिरवा ठिपका छापून बसू नका. आणि श्रावण लागला की ऑर्डर निम्म्यावर येते हं, मशीनचा हप्ता धराल तर तोही विचार करा.

मानेवाड्याची मेस:
ताई, कवचासकटच सुरू करतो, मशीन राहू द्या. फक्त तिखट-मिठाची पुडी आत टाकली की ओली होऊन चिकटते.

सदरची ताई:
अंडी पुसून, पूर्ण कोरडी करून भरा. पुडी बाहेरून टेपनं चिकटवा. स्टेपल मारू नका, पिन कोणाच्या तोंडात जाईल.