रस्त्यालगतच्या खोलीत झोप लागते, पण मेंदूला विश्रांती मिळते का?

उंबरठा: चौकालगतची खोली. रात्री खिडकी उघडी असताना फोनमधलं अ‍ॅप उशाशी ५५-६० डेसिबल दाखवतं. जाग फारशी येत नाही. तरी त्रास होतो का? जाड पडदे लावून भागेल?

रातवा: सवय होते ती जाग न येण्याची. हॉर्न वाजला की झोपेतही हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. वर्षं गेली तरी ठोक्यांची ही प्रतिक्रिया फारशी कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्याच्या रात्रीच्या आवाजासाठी सुचवलेली ४५ डेसिबलची मर्यादा घराबाहेरची आणि रात्रभराच्या सरासरीची आहे, उशाजवळच्या आकड्याशी तिची थेट तुलना नको. फोनचा माइक तसाही अचूक नसतो. खिडकी उघडी आणि बंद, असा फरक पाहायला मात्र तो पुरतो.

फट_बुजवा: पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरची घरघर नाही. आधी फटी शोधा: खिडकी लावून कडांवरून ओला हात फिरवा, गार लागेल तिथून आवाजही येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट राहिली तरी काच कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर रोध मिळत नाही. सरकत्या खिडकीत झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथली फट बुजवणारी ब्रशची पट्टी झिजते, ती आधी बदला. मग गरज वाटली तर आतून दुसरी खिडकी, मध्ये निदान १०० मिमी अंतर आणि दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या. सारख्या जाडीच्या काचा एकाच सुराला थरथरतात आणि तो आत सोडतात.

उंबरठा: आणि शहरामुळे मेंदूच बदलतो म्हणतात, ते?

रातवा: जरा जपून. २०११ च्या जर्मन अभ्यासात ताणाखाली गणितं सोडवताना शहरवासीयांचा अमिग्डाला (भीती आणि ताणाशी निगडित मेंदूचा भाग) जास्त सक्रिय दिसला. पण हा नुसता संबंध आहे; शहर हेच त्याचं कारण, असं सिद्ध झालेलं नाही. २०२२ चा बर्लिनचा प्रयोग जास्त उपयोगी: तासभर जंगलात चालल्यावर अमिग्डालाची सक्रियता घटली, गजबजलेल्या रस्त्यावर चालून ती घटली नाही, पण वाढलीही नाही.

फट_बुजवा: एक राहिलं. सगळं बंद केलंत तर रात्री खोली कोंदट होते आणि झोप त्यानेही बिघडते. हवा रस्त्याच्या उलट बाजूने घ्या. तशी खिडकीच नसेल तर पलंग मागच्या खोलीत हलवा, काचेच्या खर्चाआधी हेच करून बघा.