दोन काळ्या याकांना तपकिरी वासरू कसे होते? याकचा रंग आणि नाकपुडीची आनुवंशिकता

शेवरा :

नमस्कार. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवणी जनावरे आहेत, त्यामुळे वळू आणि गाय पाहून वासराच्या रंगाचा अंदाज बांधण्याची सवय आहे. अरुणाचल प्रदेशातील पश्चिम कामेंग जिल्ह्यात ब्रोकपा पशुपालकांचे याक पाहिले, तेव्हा मात्र हा अंदाज चालेना. एका कळपात वळू काळा, मादी काळी आणि वासरू स्वच्छ तपकिरी होते. दुसऱ्या कळपातील एका तपकिरी मादीला वेगवेगळ्या काळ्या वळूंपासून बहुतेक वेतांत तपकिरीच वासरे झाली, असे तिच्या मालकाने सांगितले. पहिल्या उदाहरणात तपकिरी रंग दबलेला वाटतो आणि दुसऱ्यात तोच रंग वरचढ दिसतो. शिवाय काही काळ्या याकांच्या नाकपुडीभोवती राखाडी-पांढरट केसांचे कडे होते, तर काहींचे संपूर्ण मुस्कट काळेभोर होते. या गोष्टी एकाच नियमात बसतात का?

गोठा_आणि_जनुक :

आपली दोन्ही निरीक्षणे बरोबर असू शकतात, कारण याकमधला तपकिरी रंग एका जनुकामुळे येत नाही. चीनमधील ९२ पाळीव याकांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ४० टक्के तपकिरी याकांचा रंग एमसी१आर या जनुकातील अप्रभावी बदलांमुळे आलेला होता, तर उरलेल्या सुमारे ६० टक्क्यांत पीएमईएल या जनुकातील एक लहानसा तुकडा गळलेला आढळला आणि हा बदल प्रभावी रीतीने उतरत होता.

एमसी१आर हे रंगपेशीला काळे रंगद्रव्य बनवण्याचा आदेश स्वीकारणारे जनुक आहे. आदेश पोहोचला की काळे युमेलॅनिन तयार होते, नाही तर तांबूस फिओमेलॅनिन तयार होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एमसी१आरची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून असा याक काळाच दिसतो. परंतु असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक वेताला चारात एक या शक्यतेने तपकिरी वासरू जन्मते. आपल्या पहिल्या कळपात बहुधा हेच घडले असावे. येथे कळपाच्या आकाराचाही संबंध येतो. भारतातील याकांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ७७ हजार होती, ती २०१९ मध्ये सुमारे ५८ हजारांवर आली. कळप लहान होतात, एकच वळू त्याच्या नात्यातील माद्यांवर वर्षानुवर्षे वापरला जातो आणि मग लपलेल्या प्रती एकमेकींना भेटतात. तपकिरी वासराने कोणाचे नुकसान होत नाही, पण त्याच वाटेने एखादा घातक दोषही वर येऊ शकतो, म्हणून अशा वासराकडे मी इशारा म्हणून पाहतो.

पीएमईएलचा बदल निराळा आहे. हे जनुक रंगद्रव्य साठवणारा पेशीतला सांगाडा घडवते, आणि त्यातील दोषामुळे काळा रंग फिका पडतो. त्यासाठी एक प्रत पुरते, म्हणून आपल्या त्या तपकिरी मादीने एकच प्रत बाळगली असेल तर निम्मी आणि दोन बाळगल्या असतील तर सगळी वासरे तपकिरी होतील. हाच बदल स्कॉटलंडच्या हायलँड आणि गॅलोवे गायींमध्येही आहे, आणि याकमध्ये तो गायींकडूनच आला आहे.

एक पडताळणी घरच्या नोंदींवरूनही करता येते. तपकिरी वळू आणि तपकिरी मादी यांना काळे वासरू झाले, तर दोघांपैकी निदान एकाचा तरी रंग एमसी१आरच्या अप्रभावी बदलातून आलेला नाही, हे निश्चित समजावे. मात्र नोंद करताना उन्हाने तांबूस पडलेला काळा केस आणि खरा तपकिरी केस यांत गल्लत होऊ देऊ नये.

हिमरेषा :

नाकपुडीबद्दल लिहिते. प्रथम कातडीचा रंग आणि तिच्याभोवतीच्या केसांचा रंग वेगळा लिहून ठेवावा, कारण दोन्हींना ‘नाक’ म्हटल्याने बहुतेक नोंदी निरुपयोगी होतात. राखाडी-पांढरट कडे हे याकचे मूळ लक्षण आहे, आणि रानयाकमध्येही ते दिसते. गायींमध्ये अशा कड्याचे कारण ठाऊक आहे. मूळ स्वरूपाच्या एमसी१आरला शरीराच्या काही भागांत दुसरे एक जनुक, एएसआयपी, थोपवून धरते आणि तेथे केस फिके उगवतात. जर्सीचे फिके मुस्कट त्यातलेच. होल्स्टीन आणि अँगसमध्ये एमसी१आरची सतत चालू राहणारी प्रभावी प्रत असते, ती कोणाच्या थोपवण्याला जुमानत नाही, आणि म्हणून मुस्कटही काळे राहते.

उत्तर अमेरिकेतील याकपालक काळ्या नाकाच्या संपूर्ण काळ्या याकाला ‘इम्पीरियल’ असे स्वतंत्र नाव देतात. एखाद्या कळपात काळे मुस्कट या प्रभावी प्रतीमुळे आले असेल, तर काळ्या मुस्कटाच्या प्रत्येक वासराच्या आईबापांपैकी एकाचे तरी मुस्कट काळे असले पाहिजे. आपल्या परिचयातील मालकाला एवढा एकच प्रश्न विचारून पाहा.

शेवरा :

दोघांचेही मनापासून आभार. गायींचा उल्लेख वारंवार येतो आहे. पांढरा चेहरा आणि बांडा रंगही तेथूनच आला का? आणि याक-गाय संकरातील नर तर वांझ असतो ना?

गोठा_आणि_जनुक :

होय, त्याच अभ्यासात बांड्या, पांढऱ्या चेहऱ्याच्या आणि पूर्ण पांढऱ्या याकांमधील किट या जनुकाचे बदल गायींमधल्या बदलांशी तंतोतंत जुळले. बांड्या आणि पांढऱ्या याकांमध्ये किटचा तुकडा गुणसूत्र ६ आणि २९ यांच्यात स्थलांतरित झालेला असतो, आणि गायींमध्ये त्याची एक प्रत पाठ व पोट पांढरे करते, तर दोन प्रती जवळजवळ सारे शरीर. हे बदल प्रभावी असल्यामुळे दोन एकरंगी याकांना पांढरे वासरू झाले, तर वळू कोणता होता याची चौकशी करणेच योग्य.

संकरित नर झो वांझ असतो, पण मादी झोमो गाभण राहते, आणि तिला पिढ्यान्‌पिढ्या याक वळूच दाखवला की शरीर याकचे राहते आणि गायीच्या जनुकांचे काही तुकडे आत टिकतात. पांढऱ्या शेपटीला चवरीसाठी मागणी राहिल्याने अशी जनावरे मुद्दाम राखली जाण्यासही कारण मिळाले असणार. चीनच्या गान्सू प्रांतातील तियानझू येथे तर पांढऱ्या याकांची स्वतंत्र जात आहे.

मादी साधारणपणे दोन वर्षांतून एकदा विते, म्हणून वेतांवरून निष्कर्ष काढण्यात अनेक वर्षे जातील. शेपटीचे मुळांसकट उपटलेले केस डीएनए तपासणीला पुरतात. पश्चिम कामेंगमधील दिरांगला १९८९ पासून राष्ट्रीय याक संशोधन केंद्र आहे, तेथे चौकशी करावी, आणि नमुन्यासोबत आईबापांचा रंग, मुस्कटाचे केस व नाकाची कातडी यांची वेगवेगळी नोंद अवश्य द्यावी.